गच्चीवरची छत्री आणि परातीतले शेंगदाणे

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गच्चीच्या कोपऱ्यात पाला साचतो तसे ते साचत जातात, आणि झाडायला बसलं की कळतं, केवढा ढीग झाला होता! आमच्याकडं पाहुणा आला की अजून कुणीतरी म्हणतंच, "गयाबाई, ते साडीचं सांगा." साडीचं सांगितलं की रिक्षाचं निघतं, रिक्षाचं निघालं की शेंगदाण्याचं. म्हणून एकदा सगळं ओळीनं सांगून टाकते. मला लिहिता येत नाही. नात लिहून घेती आहे.

तर गारखेड्यात एक गल्ली होती, गल्लीत आमचं घर होतं, घराला गच्ची होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. घरात माणसं चार. मी गयाबाई. आमचे हे, दगडूबा. मुलगा सुभाष, वाळूजला कंपनीत फिटर, शिफ्ट संपली की झोपणारा. आणि सून उज्ज्वला, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी. पाचवी म्हणजे गच्चीवरची छत्री. ती पावसासाठीच होती, पण तिच्याखाली उभं राहून कुणी कोरडं राहिलं नाही.

उज्ज्वलाची नोकरी तासिकेवरची. जेवढे तास शिकवले तेवढीच ती नोकरीत. सुट्टी लागली की नोकरीही सुट्टीवर. कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती, पण डॉक्टरेट असेल तरच. तिची पीएचडी रखडलेली. विद्यापीठानं शेवटची मुदत दिली, त्यात दोन पावसाळे बसत होते. दोन पावसाळ्यांत पाऊस मोजून झाला तर झाला, नाहीतर जन्मभर तासिका.

आणि पाऊस मोजायचा कुठं, तर मराठवाड्यात!

*

छत्री म्हणजे डिश. कॉलेजची गच्ची गळकी, तिथं भोक पाडू देईनात, म्हणून ती आमच्या गच्चीवर आली. टेम्पोतनं उतरवली तेव्हा निम्मी गल्ली गोळा झाली होती. शेजारचे सलीमभाई रिक्षा चालवायचे. त्यांनीच ती डोक्यावर घेऊन जिना चढवली.

संध्याकाळी सलीमभाईंची बायको नसीम दोन्ही पोरींना घेऊन मालिका बघायला आली. उज्ज्वलानं तिला जिन्यावरच्या खोलीत नेऊन पेटी दाखवली. पेटीला एक काटा, काट्याखाली बारीक बारीक रेघा, बाजूला एक लाल दिवा. पेटीची वायर कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरवर एक आडवी रेघ.

नसीम बराच वेळ त्या रेघेकडं बघत बसली. मग म्हणाली, "चालू कब होता ये?"

"चालूच आहे," उज्ज्वला म्हणाली.

नसीमनं चहा घेतला, पोरींना उठवलं. जिना उतरताना माझा हात धरून हळूच म्हणाली, "चाची, दुकानवाला फसाया तुमकू. वापस कर देव."

*

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण उज्ज्वला एका दुपारी माझ्याजवळ बसली आणि समजावून सांगितलं. वर, लई वर, उपग्रह आहे. आपल्याला तो एकाच जागी उभा असल्यासारखा. तो तिथनं एकसारखा एकच संदेश सोडतो, कानाला ऐकू न येणारा. आपली छत्री तो धरती, पेटी त्याचा जोर मोजती. मध्ये ढग आले, पाऊस आला, की जोर कमी होतो, काटा खाली येतो. किती पावसाला किती खाली, एवढंच लिहून ठेवायचं. म्हणजे पुढं भर पावसात फोन आणि टीव्ही बंद पडू नयेत म्हणून किती जोर लावायचा ते कळतं.

"परदेशातले आकडे आहेत आत्या," ती म्हणाली, "पण तिकडचा पाऊस वेगळा, आपला वेगळा."

आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. नातं काही असो.

माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या साली झाला असं आई सांगायची. बाप मेंढरं राखायचा. कळपाच्या मोहऱ्याला एक बोकड असायचा, त्याच्या गळ्यात घंटा. बोकड लांब गेला आणि मध्ये पाऊस आला की घंटा दबून ऐकू यायची. बाप नुसतं त्या दबण्यावरनं सांगायचा, पाऊस पातळ आहे का दाट.

मी म्हणलं, "म्हणजे बोकड तोच, घंटा तीच. मधला पाऊस किती खातो तेवढं बघायचं?"

उज्ज्वला माझ्याकडं बघून हसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं पोरांना शिकवतेय आत्या. मला बोकड सुचला नाही."

*

पहिला पावसाळा कोरडा गेला. गल्लीत सगळेच आभाळाकडं बघायचे, पण टँकरच्या रांगेत उभं राहून. उज्ज्वला बघायची काट्यापाशी बसून. पाऊस मोजायचं डबडं गच्चीवर ठेवलेलं. त्यात आधी धूळ मोजली गेली, मग चिमणीची पिसं.

आषाढात एक दिवस मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवर चढायला लागल्या. मी धनगराची लेक. म्हणलं, "उज्ज्वला, आज कुठं जाऊ नको. आज येतो."

तिनं त्या दिवसाचे तिन्ही तास सोडले. वही उघडून काट्यापाशी बसली. मी भजी करायला घेतली. दिवसभर असं ऊन पडलं की वाळत घातलेल्या मिरच्या कडक झाल्या. सुभाषनं भजी खाल्ली आणि झोपला.

दिवेलागणीला उज्ज्वला वही मिटून खाली आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, मुंग्यांना विचारा जरा, कोणत्या साली म्हणत होत्या."

*

त्याच पावसाळ्यात एकदा भर उन्हात काटा खाली आला. चार वाजले होते. गच्ची तापलेली, डबडं कोरडं, आणि काटा खाली खाली चाललेला.

उज्ज्वलाचे गाईड होते, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. तिनं त्यांना फोन केला. ते म्हणाले, पावसाशिवाय काटा पडतो म्हणजे यंत्र बिघडलं, दुरुस्तीला पाठवून द्या. दुरुस्तीला पाठवायचं म्हणजे दोन महिने. दोन महिन्यांत पावसाळाच संपला असता. उज्ज्वला फोन धरून जिन्यात बसली. तिचा चेहरा बघवेना.

मिरच्या उचलायला म्हणून वर गेले. आमच्या गच्चीवरनं दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर दिसतो. हे सातारा म्हणजे बीड बायपासपलीकडचं गाव, खंडोबाचं. आमचा देव तोच, म्हणून नजर आपोआप तिकडं जाते. बघते तर डोंगर दिसेना. डोंगरापासून बायपासच्या अलीकडपर्यंत पावसाचा पडदा लोंबत होता.

खाली येऊन विचारलं, "उज्ज्वला, तुझी छत्री सरळ डोक्यावर बघती, का तिरकी?"

"तिरकी. दक्षिणेला."

"मग ती तिकडचा पाऊस बघती. तुझं डबडं इथला."

ती धावत वर गेली. पुन्हा फोन लावला. मोठे सर म्हणाले, हे कुणाच्या लक्षात आलं? ती म्हणाली, सासूबाईंच्या. तिकडनं कागद उलटल्याची सळसळ ऐकू आली. मग आवाज आला, "यंत्र राहू द्या."

दुसरं एक डबडं बायपासपाशी सुभाषच्या मित्राच्या गच्चीवर ठेवलं. माझा मान त्या दिवसापासून जरा वाढला. मुंग्यांचं मात्र कुणी विसरलं नाही.

*

आता साडीचं.

उन्हाळा लागला. आभाळ निळं, ढगाचा पत्ता नाही. काटा वर चिकटलेला असायला पाहिजे. पण रोज सकाळी आठच्या सुमाराला काटा खाली यायचा, आणि मग हळूहळू, अर्ध्या पाऊण तासात, आपोआप वर जायचा. रोज! कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक खड्डा.

उज्ज्वलाची झोप उडाली. कोरड्या आभाळात हा खड्डा कसला, हे सांगता आलं नाही तर पावसातल्या आकड्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार? मोठे सर म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो.

सर पहिल्यांदाच आमच्या घरी यायचे होते. मी पहाटे उठून घर सारवल्यासारखं पुसलं. गच्ची झाडली, बाजली कडेला लावली, दोरीवरचं सगळं काढलं. पाहुण्यासमोर लुगडी लोंबती ठेवायची का? सर सातला आले, काट्यापाशी दहापर्यंत बसले. काटा हलला नाही. पोहे खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आठला खड्डा.

सर पुन्हा आले. मी पुन्हा गच्ची आवरली. खड्डा नाही. उपमा खाऊन गेले. तिसऱ्यांदा ते विभागातल्या आणखी दोघांना घेऊन आले, एकाच्या हातात दुसरं यंत्र. मी शिरा केला. काटा वर तो वर. जाताना मोठे सर उज्ज्वलाला म्हणाले, "मॅडम, हा खड्डा फक्त तुम्हालाच दिसतो."

ती त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात मी भावाच्या नातीच्या लग्नाला पैठणला गेले. पाच दिवस राहिले. परत आले, दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाली, नेहमीसारखी नऊवारी पिळून गच्चीवर गेले आणि दोरीवर टाकली. वळून बघते तर उज्ज्वला पेटीच्या खोलीच्या दारात उभी. एकदा काट्याकडं बघती, एकदा माझ्याकडं.

"आत्या, ती साडी काढा."

काढली.

"आता परत घाला."

घातली. दोरी छत्रीच्या पुढनं गेलेली होती. साडी ओली असली की काटा खाली. वाळत आली की काटा वर. पाच दिवस मी नव्हते, पाच दिवस खड्डा नव्हता. सर यायचे तेव्हा साडी नसायची.

मी कपाळाला हात लावला. म्हणलं, "तुझी सकाळ सकाळ मीच खाल्ली गं!" मला वाटलं, ती वहीतनं ते सगळं खोडून टाकील. तिनं नाही खोडलं. प्रत्येक तारखेपुढं लिहिलं: ओली साडी. म्हणाली, "जे झालं ते लिहायचं, आत्या. आपल्या मनानं कमीजास्त केलं तर मग मोजलं कशाला?"

आणि तिथनंच तिला पुढचं सुचलं. पाऊस थांबला तरी काटा लगेच वर जात नाही, तो का? छत्रीच ओली राहते म्हणून. पहिला पाऊस थांबल्याबरोबर तिनं मला वर पाठवून छत्री फडक्यानं पुसायला लावली. काटा टुणकन वर. आमच्या साडीचं तिच्या जाड पुस्तकात एक अख्खं प्रकरण झालं. त्यात माझ्या साडीचं वजनसुद्धा आहे, कोरडी किती आणि ओली किती. माझं वजन विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

*

दुसरा पावसाळा बरा लागला. पण नवी अडचण. पाऊस यायच्या आधी वारा सुटतो, आणि वारा सुटला की आमच्या गल्लीतली लाईट जाते. म्हणजे पाऊस नसेल तेव्हा पेटी चालू, पाऊस आला की पेटी बंद! कॉम्प्युटरखाली एक बॅटरीचा डबा होता. तो दहा मिनिटं टूं टूं करायचा आणि मरायचा.

तीन पाऊस असेच गेले. तिसऱ्याला उज्ज्वला गच्चीवर भिजत उभी राहिली, नुसती.

सलीमभाईंनी ते त्यांच्या दारातनं बघितलं. ह्यांना हाक मारून विचारलं, क्या हुआ? ह्यांनी लाईटीचं सांगितलं. सलीमभाई म्हणाले, पेटी कित्ते पे चलती? बारा व्होल्टवर, उज्ज्वला म्हणाली. सलीमभाई म्हणाले, मेरी रिक्षा भी बाराच पे चलती.

तेव्हापासून ठरून गेलं. सलीमभाई औरंगपुऱ्यात सवारी सोडत असोत नाहीतर क्रांती चौकात उभे असोत, आभाळ भरून आलं की रिक्षा गारखेड्याकडं वळवायचे. रिक्षाची बॅटरी सोडायची, जिना चढायचा, पेटीला लावायची. कॉम्प्युटर तिच्यावर चालत नव्हता, पण काटा जिवंत राहायचा. मग उज्ज्वला घड्याळात बघून हातानं आकडे लिहायची.

पावसात रिक्षाला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं. नेमकी त्या वेळेला सलीमभाईंची रिक्षा आमच्या दारात मुकी उभी. मी एकदा नसीमजवळ वाईट वाटून घेतलं. ती म्हणाली, "रहने देव चाची. बारिश में भीग के आते थे, चार दिन छींकते थे. अब सूखे घर में बैठते."

जरा थांबून तिनं विचारलं, "चॅनल लगा क्या?"

*

पावसाळा संपत आला. वहीत पाऊस पुष्कळ, पण सगळा रिमझिम. मोठे सर म्हणाले, एक तरी धोधो पाऊस पाहिजे. नाहीतर हे काम अर्धंच राहील आणि अर्ध्या कामाला कुणी डॉक्टर म्हणत नाही. पुढचा पावसाळा मुदतीत बसत नव्हता. म्हणजे उरलेल्या पंधरा दिवसांत धोधो आला तर आला.

तो घटस्थापनेच्या आधी आला. दुपारचे तीन. उज्ज्वला कॉलेजात तासावर, सुभाष कंपनीत. मी जिन्यावरच्या खोलीत परात घेऊन बसले होते. चटणीसाठी दाणे भाजले होते, त्यांची सालं काढत होते. हे समोर बसून फुंकर मारत होते.

आभाळ एकदम काळं झालं. सलीमभाई धापा टाकत बॅटरी घेऊन आले, लावली, आणि त्यांच्या घराचे पत्रे वाजायला लागले म्हणून तसेच पळाले. लाईट गेली. कॉम्प्युटरनं टूं टूं केलं आणि मेला. उज्ज्वलाला फोन लावला तर लागेना. नंतर कळलं, ती निघाली होती, पण रस्त्यावर गुडघाभर पाणी, अर्ध्या वाटेत अडकली.

पाऊस असा की समोरचं घर दिसेना. काटा खाली चाललेला. आणि लिहायला कुणी नाही! ह्यांना अक्षर येत नाही, मला येत नाही.

पण मोजता येतं. मेंढरं मोजणाऱ्याची लेक आहे मी.

घड्याळ भिंतीवर होतं. मोठा काटा एका आकड्यावरनं दुसऱ्यावर गेला की मी पेटीजवळ टॉर्चच्या उजेडात डोळे लावायची. पेटीचा काटा किती रेघा खाली आलाय ते मोजायची. तेवढे शेंगदाणे परातीच्या कडेला ढीग करून ठेवायचे. मग पुढच्या आकड्याला पुढचा ढीग. ह्यांना म्हणलं, "तुम्ही घड्याळाकडं बघा. आकडा आला की सांगा. दुसरं काही करू नका."

"व्हय," हे म्हणाले.

तासभर पाऊस कोसळला. परातीच्या कडेनं गोल बारा ढीग झाले. डबड्याची काळजी नव्हती. ते सेलवर चालतं, पाऊस आपला आपण नोंदवतं.

उज्ज्वला आली तेव्हा पाऊस थांबलेला. साडी कमरेपर्यंत चिखलात. दारातच तिनं मेलेला कॉम्प्युटर बघितला आणि चौकटीला टेकली. म्हणाली, "गेला आत्या. हातातनं गेला."

मी म्हणलं, "नाही गेला. चिखल धू आधी. मग परातीपाशी ये, पण धक्का लावू नको."

कुठला ढीग पहिला ते सांगितलं. तिनं एकेक ढीग मोजला, वहीत लिहिला, आणि मोजून झाल्यावर परत जागेवर ठेवला. बारावा झाल्यावर तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. ती माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

चटणी दोन दिवस उशिरा झाली.

*

शेवटचा किस्सा परीक्षेचा.

पुस्तक लिहून द्यायला, ते तपासून यायला, दीड वर्ष गेलं. मग तोंडी परीक्षा. ती सगळ्यांसमोर असते, कुणीही येऊन बसावं. आम्ही चौघं गेलो: मी, हे, सुभाष आणि सलीमभाई. मागच्या रांगेत बसलो. ह्यांनी नवी टोपी घातली होती.

बाहेरगावचे परीक्षक आले होते. बारीक, चष्मेवाले, आवाज कमी. उज्ज्वलानं पडद्यावर एकेक चित्र दाखवत सगळं सांगितलं. साडीचं सांगितलं तेव्हा लोक हसले. परीक्षक हसले नाहीत; लिहून घेतलं. मग ते एका चित्रावर थांबले. ठिपकेच ठिपके होते, काटा जितका खाली तितका ठिपका वर, पाऊस वाढेल तसे एका रेघेवरनं चढत गेलेले. शेवटचे बारा ठिपके वेगळ्या रंगाचे. ते परातीतले.

"हा सातवा," परीक्षक म्हणाले. "बाकी अकरा रेघेवर आहेत. हाच खाली कसा? पाऊस तर इथं सगळ्यात जास्त आहे."

मला माहीत होतं, आदल्या दिवशी मोठ्या सरांनी तिला सांगितलं होतं, तो ठिपका काढून टाक, एकानं काही बिघडत नाही. तिनं काढला नव्हता.

"कारण मला माहीत नाही सर," उज्ज्वला म्हणाली. "जे मोजलं गेलं ते लिहिलंय."

"कुणी मोजलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मी पदर डोक्यावर घेतला. परीक्षक म्हणाले, त्यांचा एक आकडा चुकला असेल तर बाकीचे अकरा बरोबर आहेत हे कशावरनं मानायचं? आणि हे बारा गेले तर मोठा पाऊस गेला, मोठा पाऊस गेला तर काम अर्धं.

उज्ज्वलानं वही उघडून ते पान पुन्हा बघितलं. मोठे सर टेबलाकडं बघत बसले. मी मनात तो पाऊस पुन्हा पाडून बघितला, सातवा ढीग पुन्हा लावला. मी चुकले नव्हते. पण हे त्या खोलीत कुणाला सांगायचं?

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. हे उठून उभे राहिले होते. टोपी काढून हातात घेतली.

"साहेब," हे म्हणाले, "तिचं मोजणं चुकलं नाय. तो ढीग माझ्या बाजूला व्हता. त्यातले मी खाल्ले."

सुभाषनं त्यांची बाही ओढली.

"काय खाल्ले?" परीक्षकांनी विचारलं.

"शेंगदाणे."

परीक्षकांनी उज्ज्वलाकडं बघितलं. मान खाली घालूनच तिनं सांगितलं, एक रेघ म्हणजे एक शेंगदाणा. मग त्यांनी पुन्हा ह्यांच्याकडं बघितलं. "किती?"

"पाच," हे म्हणाले. "सहावा खवट लागला. तो परत ठेवला."

परीक्षकांनी खिशातनं पेन्सिल काढली. पुस्तकातल्या त्या चित्रावर सातव्या ठिपक्यापासून वर पाच घरं मोजली आणि एक बारीक ठिपका काढला. चष्मा वर करून बघितलं. पुस्तक मोठ्या सरांकडं सरकवलं. त्यांनीही बघितलं. ठिपका रेघेवर होता.

परीक्षकांनी पेन्सिल खिशात ठेवली. "माझं विचारून झालं, डॉक्टर," उज्ज्वलाला म्हणाले.

येताना सलीमभाईंच्या रिक्षात मी ह्यांना म्हणलं, दीड वर्ष तोंडात काय धरून बसला होता? हे म्हणाले, "मला कुणी इचारलं व्हतं?"

जूनमध्ये उज्ज्वलाची कायमची ऑर्डर आली. पेढे आणायला ह्यांना नाही, सलीमभाईंना पाठवलं.